अडतीस तास अखंड झोप

झोपेबद्दल मला कोणी काही शिकवायचं नाही! मोरिओका स्टेशनपासून सात मिनिटांवर, जुन्या बाजारपेठेत आमचं, तानिफुजींचं, गाद्यांचं दुकान आहे. आजोबांनी काढलं, वडिलांनी वाढवलं, मी टिकवलं. 'टिकवलं' हा शब्द मुद्दाम वापरतोय. एके काळी या पेठेत बेचाळीस दुकानं होती, आता सतरा उरलीत. बाकीच्यांच्या बंद शटरांवर कबुतरं हगतात. लोक हायवेवरच्या अवाढव्य दुकानात जातात आणि हवा काढून सुरळी केलेली गादी खोक्यातून घरी आणतात. खोक्यातून! गादी आहे की बिस्किटं? मग पाठ धरली की लंगडत माझ्याकडे येतात. माणूस दारातून आत येताना मान कशी धरतो यावरून तो कुठल्या कुशीवर झोपतो ते मी सांगतो. माझी बायको मिचिए म्हणते, दहातले सहा चुकतात. चुकत असतील. ती माणसं चुकीची झोपतात!

अशा माणसाच्या घरात, त्याच्या एकसष्टाव्या वर्षी, हॅमस्टर आला.

आणला मिचिएने. मुलगी लग्न करून सेंदाईला गेल्यापासून ती म्हणत होती, "घरात ऐकून घेणारं कोणीतरी हवं."

"मी आहे की!"

"तुम्ही बोलणारे आहात."

तर हा ऐकून घेणारा. मुठीत मावेल एवढा. उंदराची शेपूट काढून घ्यावी आणि भरपाई म्हणून त्याला गाल द्यावेत, तसा. अंगाचा रंग भाजलेल्या सोयाबीनच्या पिठासारखा, म्हणून मिचिएने त्या पिठाचंच नाव ठेवलं, किनाको.

पहिल्या दिवशी किनाको झोपला. मी म्हटलं, प्रवासाने दमला असेल. दुसऱ्या दिवशीही झोपला. तिसऱ्या दिवशी मी मिचिएला म्हणालो, "हा आजारी आहे. तुला फसवून आजारी माल गळ्यात मारलाय."

"अहो, तो रात्रीचा प्राणी आहे. सोबत पुस्तिका दिलीय, त्यात लिहिलंय."

"पुस्तिका लिहिणारा गाद्या विकतो का?"

पण खरं सांगतो, मला चैन पडेना. चाळीस वर्षं मी झोप विकतोय आणि माझ्यासमोर, सहा इंचांवर, इतकी झोप याआधी कोणी घेतली नव्हती. गिऱ्हाईक गादीवर पडून बघतं ते फार तर दोन मिनिटं, तेही बूट काढायची लाज वाटत. हा पठ्ठ्या बिनदिक्कत! मी एक वही काढली. 'सकाळी ९.१०, डावी कूस. ९.४०, डावी कूस, मिशा हलल्या. स्वप्न? कशाचं? १०.२५, उताणा, पोट उघडं. लाज नाही. ११.००, गोळा. नाक कुठे आहे ते सापडत नाही.' आठवड्यात अर्धी वही भरली. हा जीव स्वप्नात काय बघतो? सूर्यफुलाच्या बिया? त्याला पडतं ते स्वप्न नक्की किती मोठं असेल? बोराएवढं? मी गिऱ्हाईक सोडून पिंजऱ्यासमोर बसायला लागलो. एक बाई उशी घ्यायला आल्या आणि वाट बघून निघून गेल्या, असं मिचिए म्हणते. मला आठवत नाही. त्या वेळी तो जांभई देत होता.

एवढी गुणी झोप आणि अंगाखाली काय? लाकडाचा भुसा! माझ्या घरात! मी त्याच दुपारी कात्री घेतली. वीतभर लांबीची गादी, वर निळ्या नक्षीची दुलई, काडेपेटीएवढी उशी. आत अव्वल कापूस, जो मी वराच्या गादीत घालतो तोच. किनाकोने गादीत तोंड खुपसलं, इकडून तिकडून चार घास कापूस ओढून गालात भरला आणि आडवा झाला. मला इतका आनंद मुलीच्या पदवीदानालाही झाला नव्हता.

आणि तेव्हाच डोक्यात किडा वळवळला. दुकानाची खिडकी! समोरच चहापत्तीचं दुकान चालवणारा ओइकावा आमच्या व्यापारी मंडळाचा अध्यक्ष आहे, दर महिन्याला सभेत ओरडतो, "खिडक्या सजवा! लोक थांबले पाहिजेत!" तो स्वतः खिडकीत पाच वर्षं तोच एक चहाचा डबा ठेवतो, ते सोडा. मी ठरवलं, किनाकोला दिवसा खिडकीत ठेवायचं. काचेचं घर, त्यात माझी गादी, गादीवर तो. बघणाऱ्याला एक शब्द सांगावा लागणार नाही.

मिचिए म्हणाली, "ठेवा. पण रात्री त्याला वर घरात आणायचं, माझ्या खोलीत. आणि नीट ऐका. याला काही झालं, तर मी सेंदाईला जाईन ती परत यायच्या बोलीवर जाणार नाही."

छत्तीस वर्षांच्या संसारात ही बाई दोनदाच अशा आवाजात बोलली आहे. दोन्ही वेळा बोलली ते तिने केलं होतं.

खिडकी जोरात चालली! लोक थांबायचे, काचेला नाक लावायचे. ८४ वर्षांच्या चिदा आजी रोज भाजी घेऊन जाताना उभ्या राहायच्या. त्या मला माझ्या जन्मापासून ओळखतात आणि अजून 'पोरा' म्हणतात. "पोरा, उंदराची चैन आहे की रे!" असं म्हणून त्यांनी दुलईसुद्धा विकत घेतली. ओइकावा तर जळून त्याच्याच चहासारखा काळा पडला.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मिचिए मुलीकडे गेली. मंगळवारी दुपारी गेली, गुरुवारी बाराच्या आत परत. जाताना दारात उभी राहून म्हणाली, "रात्री वर आणायचं."

"हो गं बाई!"

आता लक्ष द्या, कारण इथे मी विचार केला, आणि माझा घात नेहमी विचारानेच होतो. वहीत मी नोंद केली होती की संध्याकाळी सातला काचेचं घर उचलून जिन्याने वर नेताना किनाको दचकून जागा होतो. दररोज! भरझोपेतून! एखाद्या गिऱ्हाइकाची झोप अशी मोडली तर मी माफी मागायला घरी जाईन. मग या मुक्या जिवाचा काय गुन्हा? बुधवारी दुकानाला सुट्टी. म्हणजे मंगळवार संध्याकाळ ते गुरुवार सकाळ, कोणी येणार नाही, कोणी जाणार नाही. झोपू दे की त्याला एकदा मनसोक्त! मी दाणापाणी भरलं, घासलेटची शेगडी विझवली, कारण पेठेत बंद दुकानात शेगडी ठेवणाऱ्याला आगीचा बंबवाला जिवंत ठेवत नाही, आणि वर जाऊन झोपलो. बुधवारी दिवसा तीनदा खाली डोकावलो. झोपलेला. बाहेर बर्फ पडत होता, काचेवर आतून वाफेचा पापुद्रा गोठला होता. काय शांत झोप! मी पावलं न वाजवता वर गेलो आणि कोतात्सुच्या गरम मेजाखाली पाय घालून, दुलई कमरेपर्यंत ओढून, संत्री खात बसलो. हे लिहितानाही लाज वाटते. पण लिहिलं नाही तर मिचिए लिहील.

गुरुवारी नऊला दुकान उघडलं. किनाको तसाच. तोच गोळा, तीच कूस. खाणं बुधवारी दुपारी होतं तेवढंच. मी बोटांवर मोजलं. मंगळवारी सात ते गुरुवारी नऊ. अडतीस तास! अडतीस! मी धावत जाऊन पुठ्ठा घेतला, जाड कुंचल्याने लिहिलं, 'अडतीस तास अखंड झोप! गादी तानिफुजीची!' आणि खिडकीत लावून दिला. हायवेवरच्या खोकेवाल्यांना म्हणावं, लावा असली पाटी!

साडेनऊला खिडकीसमोर पाच माणसं. पावणेदहाला नऊ. मी हात मागे बांधून काचेच्या आत उभा, आजोबांच्या फोटोसारखा. लोक पाटी वाचत होते, मग गादीकडे बघत होते. पण हसत कोणी नव्हतं. एका बाईने टोपी काढली. मला वाटलं, आदराने.

मग दार ढकलून चिदा आजी आत आल्या.

"पोरा, हे मेलंय."

"आजी, काहीतरीच काय! झोपलाय तो!"

"मी नवरा पोचवला, दोन दीर पोचवले, अख्खी गल्ली पोचवली. मेलेलं मला कळतं. आणि नाही कसं मेलं? तूच तर उत्तरेला उशी केलीस!"

मी खिडकीकडे वळलो आणि उशीची दिशा बघितली. गादीवरचा दुकानाचा शिक्का पायथ्याला असतो. स्टेशनकडून येणाऱ्यांना शिक्का दिसावा म्हणून मी गादी फिरवून ठेवली होती. म्हणजे डोकं उत्तरेला! मेलेल्या माणसाला निजवतात तसं! चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकाच्या घरी गादी पोचवली की खिशातून होकायंत्र काढून उत्तर दाखवतो, "उशी इकडे करू नका हो!" आणि इथे भर पेठेत, पाटी लावून, एक प्रेत निजवून ठेवलंय! माझ्या पाटीतलं 'अखंड झोप' आता कसं वाचलं जात असेल, त्याचा विचार करा.

मी काचेचं झाकण काढलं आणि बोट लावलं. थंड. नदीतल्या गोट्यासारखा थंड आणि तितकाच घट्ट. घड्याळात दहा वाजले होते. मिचिएची गाडी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी.

तेवढ्यात ओइकावा रस्ता ओलांडून आला. "काय रे तानिफुजी, पेठेतल्या खिडकीत मयत? तेही मंडळाचा सेल चालू असताना?"

"ओइकावा, तोंड आवर!"

"बरं, ऐक. स्टेशनमागच्या दुकानात असाच मिळतो. धावत जाऊन आणतो. बायकोला काय कळतंय?"

"मिचिएला मुलीला सर्दी झालेली फोनवर कळते, मुलीने तोंड उघडायच्या आत! तिला हॅमस्टर कळणार नाही?" आणि हेही सांगतो, कोणी विश्वास ठेवो न ठेवो: मला दुसरा नको होता. माझ्या वहीत ज्याच्या सातशे नोंदी होत्या तोच हवा होता. स्वप्नात मिशा कशाने हलतात ते अजून मला कळलं नव्हतं.

मी प्राण्यांच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर उत्सुमी म्हणून एक तरुण बाई आहेत, बोलण्यात धारदार.

"माझा हॅमस्टर बहुतेक गेला."

"बहुतेक म्हणजे? तो होता त्या जागी किती थंडी होती?"

"दुकानात... शेगडी बंद होती. दीड दिवस."

"मोरिओकात? जानेवारीत? तुम्ही स्वतः झोपला असतात तिथे?"

"मी गाद्यांचा..."

"मिशांकडे बघा. एक मिनिट डोळे न हलवता बघा."

मी बघितलं. आयुष्यात एवढं कुठे बघितलं नसेल. पंचेचाळिसाव्या सेकंदाला एक मिशी, एकच, केसाएवढी थरथरली.

"हलली! डॉक्टर, हलली!"

"मग थंडीने गुंगीत गेलाय. मेलेला नाही, पण वेळ लावलात तर मरेल. शेगडीवर धरू नका, एकदम उष्णता सोसणार नाही. अंगाशी धरा. हळूहळू. उठला की लगेच इकडे घेऊन या."

अंगाशी! मी थंडीत पोटाला लोकरीचा पट्टा गुंडाळतो, वडीलही गुंडाळायचे. किनाकोला उचललं आणि पट्ट्याच्या आत, बेंबीवर ठेवलं. आई गं! पोटावर बर्फाचा लाडू ठेवल्यासारखं झालं. वरून स्वेटर ओढला, दोन्ही हात पोटावर धरले आणि स्टुलावर बसलो. हलायचं नाही, जोरात श्वास घ्यायचा नाही.

पण दुकान चालू होतं. एक गृहस्थ आत आले, "दोघांची गादी दाखवा." मी म्हटलं, "ती काय समोर." "उचलून दाखवा की." "उचलता येत नाही." "का?" "पोटात..." ते सहानुभूतीने म्हणाले, "मलाही होतं तसं," आणि औषधाचं नाव सांगून निघून गेले.

इकडे मी पोटात गुंतलेला, तिकडे चिदा आजी त्यांच्या कामाला लागलेल्या. मेलेला जीव तसाच सोडणं त्यांच्या रक्तात नाही. पिशवीतून एक संत्रं काढून त्यांनी रिकाम्या छोट्या गादीसमोर ठेवलं. ओइकावाच्या दुकानातून चहाची कपबशी मागवली. उदबत्ती लावली. मी स्टुलावरून ओरडलो, "आजी, तो माझ्या पोटात आहे! जिवंत आहे!" आजींनी माझ्याकडे मायेने बघितलं आणि ओइकावाला म्हणाल्या, "धक्का बसलाय बिचाऱ्याला. याच्या आजोबांचंही शेवटी असंच झालं होतं."

अकरा वाजले. साडेअकरा. पोटावरचा गोळा आता गार नव्हता, कोमट होता. मी मनात म्हणत होतो, हल रे बाबा. एकदा हल. परत कधी तुझ्या झोपेची जाहिरात करणार नाही, हवं तर जन्मभर रात्री जाग.

बारा वाजायला पाच कमी असताना मिचिए खिडकीसमोर येऊन उभी राहिली. हातात सेंदाईच्या मिठाईची पिशवी. तिने पाटी बघितली. उत्तरेची उशी बघितली. संत्रं, चहा, उदबत्ती. हात जोडलेल्या चिदा आजी. रिकामी गादी. पिशवी तिने हळूच बर्फात टेकवली. ती रडली नाही, ओरडली नाही, काचेतून फक्त माझ्याकडे बघत राहिली. मी उभा राहिलो, तोंड उघडलं आणि...

बेंबीला कडकडून चावा!

"आऽऽऽई!" मी जागच्या जागी वीतभर उडालो. पट्ट्याच्या आत एक वावटळ सुटली. पोटावरून बरगडीत, बरगडीतून काखेत! मी एक पाय उचलला, दुसरा उचलला, कंबर हलवली, दोन्ही हातांनी स्वतःच्या छातीवर फटके मारले. बाहेर पंधरा माणसं स्तब्ध. ओइकावा म्हणाला, "आता गेला डोक्यातून." मिचिए दार उघडून आत आली, तेव्हा माझ्या स्वेटरच्या गळ्यातून, हनुवटीखाली, एक तपकिरी डोकं बाहेर आलं. अर्धवट झोपेतलं, एका बाजूला केस दबलेलं, रागावलेलं.

मिचिएने त्याला दोन्ही तळहातांवर घेतलं. मग रडली. आणि तशीच दवाखान्याकडे निघाली, मी मागे मागे.

दवाखान्यात डॉक्टर उत्सुमींनी त्याला तपासलं. चिमट्याने गालातून काहीतरी ओढायला सुरुवात केली. ओढतच राहिल्या. वीतभर कापूस!

"हा कोणी दिला?"

"मी. अव्वल प्रतीचा आहे तो, डॉक्टर. वराच्या गादीतला."

"याच्या गालात अडकून कुजला असता. पायाला गुंडाळला असता तर पाय गेला असता. भुसा द्या, साधा भुसा."

मी मान खाली घातली. पण वही पुढे करून एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवेना. "डॉक्टर, तो अडतीस तास न हलता..."

"कसले अडतीस? मंगळवारी रात्री तो पळत असणार, तुम्ही वर घोरत होतात. बुधवारी दिवसा झोपला, ती त्याची नेहमीची झोप. गारठला तो बुधवारी रात्री. तुम्ही ज्याच्या झोपेची वही लिहिता, त्याचा दिवस तुम्ही एकदाही पाहिलेला नाही."

माझा विक्रम! बेंबीपेक्षा ते जास्त झोंबलं.

मिचिए सेंदाईला गेली नाही. तिने शिक्षा दिली. किनाको तिच्या खोलीत, भुशात, आणि आठवडाभर त्याच्यावर नजर ठेवायची ती मी. खोलीचा पारा विसाच्या खाली गेला तर मी जबाबदार. मग मी बसलो. आणि काय सांगू, तो उठायचा! अंधार पडला की उठायचा, मिशा झटकायचा, चाकात चढायचा आणि पळत सुटायचा, जणू उद्या सकाळपर्यंत सेंदाई गाठायचीय. थांबायचा, माझ्याकडे बघायचा, पुन्हा पळायचा. मी नवी वही घेतली. त्याला बिया कुठे लपवायच्या ते रोज नव्याने सुचत होतं आणि मला कळत होतं की मी महिनाभर नाटक संपल्यावर पडद्याकडे बघत बसलो होतो. सात दिवस मी डोळ्याला डोळा लावला नाही. कसा लावणार? मला बघायचं होतं.

आठव्या दिवशी दुपारी खिडकी नव्याने मांडायला घेतली. संत्रं, पाटी, सगळं काढलं. ओइकावाचा टोमणा नको म्हणून मोठी, माणसाची गादी अंथरली, नवी कोरी. शिक्का नीट दिसतोय का, गादी मध्यभागी बसते का, हे वरून कळत नाही, आडवं होऊन बघावं लागतं. हा धंद्याचा नियम आहे. म्हणून दोन मिनिटं आडवा झालो. दोनच.

जाग आली ती उदबत्तीच्या वासाने.

डोळे उघडले तर काचेबाहेर गर्दी. ओइकावाची टोपी हातात. चिदा आजींचे डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि माझ्या उशाशी एक संत्रं. शिक्का स्टेशनकडून स्पष्ट दिसत होता. म्हणजे माझं डोकं कुठल्या दिशेला होतं ते तुम्ही ओळखलंच असेल.

आणि दारात उभी राहून मिचिए सगळ्यांना शांतपणे समजावत होती, "नाही हो, मेलेले नाहीत. गारठले की असेच होतात. अंगाशी मात्र कोणी धरू नका, चावतात."